मंचावरचा सर्वांत हुशार माणूस

सर, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या समुद्रपुरात इंटरनेट पोचलं नव्हतं, त्यामुळे मी संध्याकाळी काय करते ते तुम्हाला जरा उलगडून सांगावं लागेल. दिवसा वर्ध्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. संध्याकाळी सिंदी मेघेतल्या माझ्या घरी फोनची वायर कॉम्प्युटरला जोडते आणि एका चर्चामंचावर बसते. तिथे गावोगावची मुलं विज्ञानातल्या शंका विचारतात, ज्याला येईल तो उत्तर देतो. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. कुणी कुणाला वाटेल ते बोलू नये, हे बघायचं काम माझ्याकडे आलं.

तिथे एक गृहस्थ होते, बहुधा निवृत्त इंजिनियर. कितीही किचकट प्रश्न असो, त्यांचं उत्तर वाचलं की डोक्यात लख्ख व्हायचं. पण प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक टोमणा असायचा. मी तेवढी ओळ पुसून उत्तर ठेवायची. खासगीत विनंतीही केली. त्यावर त्यांचं उत्तर आलं, मी शिकवायला येतो, लाड करायला नाही. मग एका मुलीने विचारलं की आरशात डावं-उजवं उलटतं, मग वर-खाली का उलटत नाही? त्यांनी सुरेख समजावलं, आणि खाली लिहिलं की एवढं सुचत नसेल तर विज्ञान सोडा, स्वयंपाक शिका. मी पुसेपर्यंत तिने ते वाचलं होतं. आपला प्रश्न काढून घेऊन ती निघून गेली.

मला आपला अकरावीचा वर्ग आठवला. मी उभी आहे. पृथ्वी फिरते तर उडी मारल्यावर आपण त्याच जागी कसे पडतो, असं विचारून बसलेय. मागच्या बाकावरून वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा म्हणतो, "काऊन, एसटीत कधी बसली नाई का?" वर्ग हसतो. माझे कान तापतात. तुम्ही हसत नाही. खडू ठेवून त्याला म्हणता, "उत्तर बरोबर हाये तुझं. पण तू तिले देलं नाई, फेकून मारलं. ये इकडं, आता नीट दे." तो फळ्यावर बस काढू लागला, मध्येच स्वतःच अडला, तेव्हा तुम्ही त्यालाही हात दिला. तास संपला तेव्हा आम्हा दोघांनाही ते कळलं होतं.

तुम्ही त्याला वर्गाबाहेर काढलं नाही, सर. मी त्या गृहस्थांना मंचावरून काढलं. जुन्या सभासदांनी मला पुष्कळ सुनावलं, आणि ते अगदीच चूक नव्हते. कितीतरी प्रश्न उत्तराविना पडून राहिले. मग हळूहळू मुलंच एकमेकांना सांगू लागली, चुकत, दुरुस्त करत. आरशाचा प्रश्न विचारणारी मात्र परत आली नाही. तुमच्यासमोर मुलगा होता, त्याला फळ्यापाशी बोलावता आलं. माझ्यासमोर नुसती अक्षरं होती. मी नियम पाळला, की अकरावीत उभ्या राहिलेल्या मुलीचा राग काढला, हे मला अजून ठरवता येत नाही. तुम्ही असता तर विचारलं असतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. माणूस काढला, पण त्यांची उत्तरं मी तशीच ठेवलीत. दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करताना कुठे अडलं, की आजही तीच उघडून वाचते.