मयत नायकाच्या हयातीचा दाखला

छत्रपती संभाजीनगर,
गुरुवार, दिनांक १२ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. नायब तहसीलदार (करमणूक शाखा),
छत्रपती संभाजीनगर

विषय : चित्रपटाच्या मध्यंतरापूर्वी मरण पावलेला नायक हयात असल्याचा दाखला तातडीने मिळणेबाबत.
संदर्भ : रविवार, दिनांक ८ रोजीचा दुपारचा खेळ.

महोदय,

१. उपरोक्त खेळास मी, माझी कन्या संस्कृती, तिचे नियोजित वर सोयगावचे सुदर्शन व त्यांच्या आजी श्रीमती दगडाबाई असे चौघे उपस्थित होतो. खेळानंतर आमच्या घरी सुपारी फुटून विवाह निश्चित व्हावयाचा होता. तत्पूर्वी दोन्ही घरांनी एकत्र हसावे, एवढ्याच हेतूने 'सहकुटुंब हसा' असा फलक लावलेला चित्रपट मी स्वतः निवडला.

२. पूर्वार्ध निर्विवाद विनोदी होता. नायक दगडाबाईंना इतका आवडला की, "लेकरू लई गुणाचं हाय," असे त्या शेजारच्या अनोळखी प्रेक्षकांसही सांगत होत्या. मात्र मध्यंतराच्या तोंडावर, कोणतीही पूर्वसूचना न देता, सदर नायक विहिरीत पडून मेला. तिरडी बांधली गेली. दगडाबाई मोठ्याने रडल्या आणि दिवे लागताच उठल्या. "मयतीला बसून आलो, आता सुपारी कशी फोडायची? ज्याच्यासाठी रडलो त्याचं तेरावं होऊ द्या," असे सांगून, आमच्या घरी आंघोळ करून त्या सोयगावला निघून गेल्या.

३. तत्पूर्वी दारावरील कर्मचारी श्री. मोईन यांस मी जाब विचारला होता. "साहब, हॉरर-कॉमेडी है. पहले हँसने का, फिर डरने का, फिर डरते डरते हँसने का," असा खुलासा त्यांनी केला. करुण व भयानक हे दोन्ही रस हास्याचे विरोधी होत, हे पूर्वसूरींचे मत मी त्यांस सविस्तर ऐकविले. "बराबर है," म्हणून त्यांनी मला पाणी दिले. रसांच्या मिश्रणास माझी हरकत नाही. परंतु हसण्यासाठी सैल सोडलेल्या मनापुढे न कळविता तिरडी आणून ठेवणे, हा प्रेक्षकाचा विश्वासघात होय.

४. दुसऱ्या दिवशी मी एकट्याने उत्तरार्ध पाहिला. नायक तिरडीवरून उठतो, स्वतःच्याच तेराव्याच्या पंगतीत भजी मागतो आणि अखेरीस त्याचे लग्नही लागते. मी हसलो, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो. ही वार्ता फोनवर कळविली असता दगडाबाई म्हणाल्या, "तुम्ही पोरीचे बाप. तुम्ही मेलेल्याला जितं म्हणणारच." दरम्यान बिडकीनच्या एका स्थळाने सोयगावला खेपा सुरू केल्या आहेत. तेराव्यापर्यंत थांबल्यास जमलेले लग्न मोडण्याचा संभव आहे, आणि कन्येस सुदर्शनच पसंत आहेत.

५. सबब विनंती की, (अ) आपण आज दुपारचा खेळ समक्ष पाहून नायकाच्या हयातीचा दाखला शिक्क्यानिशी द्यावा. उद्या चित्रपट उतरत आहे. (ब) मध्यंतरापूर्वी मेलेले पात्र पुढे उठणार असल्यास तसे मध्यंतरातच पडद्यावर जाहीर करण्याची समज सर्व चित्रपटगृहांस द्यावी.

कन्येच्या काळजीने उतावीळ झालेला,
आपला नम्र,
शिवराज रंगनाथ तुपे

सोबत : फलकाचे छायाचित्र, आपणांकरिता आजच्या खेळाचे एक तिकीट (कृपया लाच समजू नये).

ता. क. : हा अर्ज देण्यास आपल्या कार्यालयात रांगेत उभा असतानाच कन्येचा फोन आला. ती व सुदर्शन, मला न कळविता, दगडाबाईंना सकाळच्या खेळास घेऊन गेले होते. फोन दगडाबाईंनी स्वतःकडे घेतला. त्यांच्या निर्णयामुळे विनंती (अ) निकाली निघाली असून (ब) कायम समजावी. निर्णय त्यांच्याच शब्दांत : "लेकरू जितं हाय. सुपारी फोडा."