अण्णांच्या मोटारीत किती घोडे?

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, १२ मार्च १९८३

चि. सिद्धलिंग यास शिवमूर्तीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडं समदं खुशाल, फक्त पाणी न्हाई. जिल्हा नवा झाल्यापासून गावात साहेब लई वाढले, पाणी मात्र व्हतं त्याहून कमी झालं. तुझी अक्का गल्लीतल्या बायांसंगं पहाटेच हापशावर नंबर लावायला जाती अन् येताना माझ्यावर राग काढती, जसं काय पाऊस मीच आडवला.

पत्राला कारण असं की आपला नरसिंग ड्रायव्हर कलेक्टर कचेरीत जीपवर लागला. तवापासून अण्णांची काळी मोटार दारात धूळ खात उभी हाय. मला चालवता येत न्हाई हे तुला ठाऊक हाय अन् दारातल्या लिंबाच्या झाडालाबी. निलंग्याचे वीरभद्रप्पा गिऱ्हाईक म्हणून आले. पाडव्याला घेऊन जातो म्हणाले, पण भर अडतीत चार माणसांपुढं वर असंबी म्हणाले, की ह्या इंजनात आता दोन खेचरांचंबी बळ उरलं न्हाई. मला लई लागलं बघ. माझ्या बापानं, अण्णांनी, त्या गाडीला पोरासारखं जपलं व्हतं.

आपण अडतीवाले. मापल्याबिगर चिमूटभर तूर विकत न्हाई, तर मोटार कशी विकावी? म्हणून गाडीची हॉर्सपावर घरच्या घरी मापायचं ठरवलंय. वीसच्या वर निघाली तर गाडी ऱ्हाईल. खाली निघाली तर पाडव्याला वीरभद्रप्पाच्या गळ्यात. तुझं मोटरपंपाचं दुकान. दुष्काळात पंप घ्यायला कोण येतंय? माशा मारत बसण्यापरीस आपल्याला परवडंल असं एखादं यंत्र शोधून कळव.

घरातल्यांना आशीर्वाद. आठवण ठेवावी, वाढवत जावी.

तुझा दाजी,
शिवमूर्ती

~

लातूर, १३ मार्च १९८३

चि. सिद्धूस अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

दाजींचं पत्र पोचलं असंल. हे पत्र त्यांच्या नकळत लिहून राहिले, वाचून चुलीत घाल.

बाबा रे, ती गाडी मला चालवता येती. दचकू नको. पूर्वी कचेरीच्या कामाला हे दर महिन्याला उस्मानाबादला जायचे. यांची यष्टी हलली की अण्णा मला जिनिंगच्या मोकळ्या मैदानात न्यायचे. सासरे खरे, पण शिकवताना असे खेकसायचे की बापाची आठवण व्हायची. तिसऱ्या गिअरात पहिल्यांदा गाडी पळाली तवा मी मोठ्यानं हसले अन् अण्णाबी हसले. मग जिल्हा लातूरलाच आला, यांचं उस्मानाबाद सुटलं अन् माझी गाडी बंद पडली. समद्या गावाला जिल्ह्याचं कवतिक, मला मेलीला तेवढं रडू आलं. अण्णाबी गेले. आता सांगू कुणाला?

आपल्या मळ्याच्या विहिरीत अजून पाणी हाय. शेजारच्या गुणाबाईला सातवा महिना, तरी डोक्यावर घागरी वाहती. गाडी हाताशी असली तर मी रोज डबे भरून आणीन. यांना सांगायला जीभ रेटत न्हाई. नवऱ्याला जे जमलं न्हाई ते बायकोला जमतं, हे ऐकून कोणत्या नवऱ्याला गोड लागलंय? गाडी गेली तर माझा जीव तुटंल सिद्धू, खरं सांगते.

तवा यंत्र असं बघ, जे जरा सढळ हातानं बोलंल. बहिणीवर माया असू दे.

तुझी अक्का,
शिवकांता

~

॥ श्री ॥

नांदेड, २० मार्च १९८३

ती. दाजींस सिद्धलिंगाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पावलं. माशा मारायचं काम तूर्त पोरांवर सोपवून यंत्राच्या मागं लागलो. गावातले दोन-तीन गॅरेजवाले अन् कॉलेजातला एक मास्तर बेजार केला.

पहिलं यंत्र म्हणजे जमिनीत बसवलेले लोखंडी रोलर. त्यावर गाडीची चाकं फिरवायची. उत्तम माप देतं, पण त्याच्या किमतीत तुमच्या मोटारीला दोन भावंडं येतील. दुसरी एक वाकडी काचेची नळी, आत रंगीत पाणी. पुढच्या काचेला लावायची. गाडी जोर करंल तसं पाणी चढतं. किंमत बरी हाय, पण लातूरच्या रस्त्यावर ती प्रत्येक खड्ड्याला नवा आकडा दाखवंल. तिसरा मार्ग दोरी-काट्याचा. फिरत्या चाकाला दोरीनं आवळून ताण बघायचा. त्यात दोरी तापती अन् तिच्यावर सारखं पाणी ओतावं लागतं. ह्या दिसांत अक्का तुम्हाला त्या दोरीनंच बांधून ठेवंल.

म्हणून मी साधं बटणाचं घड्याळ निवडलं, पळण्याच्या शर्यतीला लावतात तसलं. संगं गवंड्याची पाण्याची नळी, चढाची उंची काढायला. दोन्ही वस्तू लातूर गाडीच्या कंडक्टरजवळ दिल्यात, स्टँडवरून घ्या. नळीत भरायला लोटाभर पाणी अक्काकडून मागून घ्या, चोरू नका.

कृती अशी: गाडीत पोती भरून औशाच्या वाटेवरच्या चढावर न्यायची. वर चढवलेलं वजन किलोत घ्या, त्याला चढाच्या मीटरांनी गुणा, लागलेल्या सेकंदांनी भागा, मग पंचाहत्तरनं भागा. आलं उत्तर म्हणजे घोडे. काही बळ हवेत अन् रस्त्यात जातंच, पण ते आपण सोडून देऊ. हे घड्याळ कुणाची भीड धरत न्हाई, हे अक्कालाही सांगा.

माया करता तशीच करत राहावी.

आपला,
सिद्धलिंग

~

लातूर, ४ एप्रिल १९८३

चि. सिद्धलिंगास आशीर्वाद. वि. वि.

काल रविवारी मापलं. आता बोलायला काही राहिलं न्हाई.

चढाची उंची भरली पंधरा मीटर. मागचं बाकडं काढून तुरीची क्विंटल-क्विंटलची चार पोती टाकली. मी खाली घड्याळ घेऊन, भुजंग मुनीम वर लाल फडकं घेऊन. गाडी पंधराच सेकंदांत वर गेली. उंची अन् सेकंद सारखेच, म्हणजे नुसतं वजन पंचाहत्तरनं भागायचं. आपण हिशोबात कच्चे न्हाईत. रीतीप्रमाणं रिकाम्या पोत्यांचं बारदान वजा केलं, पोत्यामागं किलोभर घटीचा कडता धरला, अन् जो निव्वळ माल उरला तो भागला. उत्तर आलं पाच.

पाच घोडे, सिद्धलिंगा! आपल्या मळ्यातली मोटरबी पाचचीच हाय अन् ती बिचारी जागेवरून हलत न्हाई. वीरभद्रप्पा खरं बोलत व्हते. त्यांना निरोप धाडलाय, पाडव्याला येऊन गाडी घेऊन जा.

तुझी अक्का कालपासून माझ्याशी बोलंना. ताटात भाकरी अशी टाकती की कुत्र्यालाबी त्याहून मानानं वाढत असतील.

नरसिंग काल येणार व्हता, पण साहेबासंगं दुष्काळी कामं बघायला गेला. तरी माप झालं. कसं झालं ते इचारू नको.

तुझी आठवण काढत राहणारा,
शिवमूर्ती

~

नांदेड, ७ एप्रिल १९८३

ती. दाजींस साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसलो, मग घाबरलो, मग टपाल हापिसाकडं पळत सुटलो. हे पत्र पाडव्याच्या आत पोचावं म्हणून घरातल्या देवाला नारळ कबूल केलाय.

अहो दाजी, बारदान वजा करून काय बसलात? सगळ्यात मोठं बारदान तर तुम्ही कागदावर धरलंच न्हाई, मोटार! चार पोती काय उडत उडत वर गेली का? गाडीनं पोती नेली तशी सोताचं लोखंडबी वर नेलं. पोत्याचा ताग नेला. त्या तुरीचा कडता काय चढाखाली थांबला व्हता? जन्मभर निव्वळ माल मोजायची सवय लागली, म्हणून वडिलांच्या गाडीला गोणी समजलात. अशी चूक देशात फक्त अडतीवाल्यालाच सुचंल.

आता ऐका. मोटार एकटी अकरा क्विंटलच्या वर भरती. त्यात चार पोती, बारदान-कडत्यासकट. झाली साडेपंधरा क्विंटल. भागा पंचाहत्तरनं. वीस तर आताच होतात. अन् त्यात ड्रायव्हरचं वजन मिळवायचं राहिलंय.

त्यावरून आठवलं. तुम्ही खाली, मुनीम वर, नरसिंग साहेबापाशी. मग गाडी चालवली कुणी? तुम्ही इचारू नको म्हणालात, म्हणून इचारत न्हाई. नुसतं वजन कळवा.

गाडी देऊ नका. पाया पडतो.

आपल्या मायेचा हक्कदार,
सिद्धलिंग

~

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, २२ एप्रिल १९८३

चि. सिद्धलिंग यास दोघांचे उदंड आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पाडव्याला सकाळीच, म्हणजे वीरभद्रप्पाच्या आधी तासभर आलं. तुझा नारळ कामी आला.

वजन कळवत न्हाई. ड्रायव्हरला दुकानाच्या काट्यावर उभं राहा म्हणलो तर ड्रायव्हरनं बेलणं उचललं. वीसच्या वर कितीबी घोडे धर.

त्या रविवारी खरं काय झालं ते आता ऐक. नरसिंगचा पत्ता न्हाई. मी पोती उतरवायला निघालो. नळीसाठी लोटा घेऊन तुझी अक्का संगं आली व्हती. तिनं पदर खोचला, पुढच्या सीटवर बसली अन् मला म्हणाली की घड्याळाचं बटण तेवढं नीट दाबा. मला वाटलं चेष्टा करून राहिली. गाडी चालू झाली तवा मी तोंड उघडं टाकून बघतच ऱ्हायलो, बटण दाबायचं ऱ्हाऊनच गेलं. म्हणून तिनं गाडी माघारी आणून दुसऱ्यांदा चढवली. कुणी शिकवलं म्हणून इचारलं, तर अण्णांनी. माझ्या बापानं मला शिकवताना दोन दिसांत हाकलून दिलं अन् सुनेला गाडीत बसवलं! दोन दिवस मी रुसलो. चारचौघांत तोंड कसं दाखवावं असं वाटलं. खरं सांगू, गाडी इकायची घाई मला त्यापायीच झाली व्हती.

पाडव्याला वीरभद्रप्पा अडतीत येऊन बसले. गाडी द्यायची न्हाई म्हणलो. तर ते हमालांपुढं, मापाड्यांपुढं हसून म्हणाले, की शिवमूर्ती, ड्रायव्हर न्हाई तर काय बैलं जुपणार हायस? तवा माझं डोस्कं तापलं. मी उभा राहून समद्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं, की ड्रायव्हर हाय, लई कसबी हाय, अन् ती माझी बायको हाय.

आता ती रोज मळ्यातून डबे भरून आणती. गुणाबाईच्या दारात गाडी पहिली थांबती. पाडव्याला वीरभद्रप्पाला निलंग्याच्या यष्टीवर सोडायलाबी तीच गेली. ते मागं बसले, दोन्ही हातांनी सीट गच्च धरून. मी पुढं बसलो, तिच्या शेजारी. बाजार दोन्ही बाजूंनी बघत व्हता. लई बरं वाटलं बघ.

मुलाबाळांना घेऊन येऊन जा. स्टँडवर घ्यायला आम्ही दोघं येऊ.

तुझा दाजी,
शिवमूर्ती