वरून पाणी सोडलं

तीर्थस्वरूप वच्छलाबाईस,

धाकट्या भावाचा, देवरावचा पाया पडून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (विचारायचा हक्क मी घालवलाय, तरी विचारतो.) कोकणच्या सहलीतून तुझं नाव मी काढलं, तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. "पानीच पाहाचं तर आपली अडाण नदी काय वाईट हाय, गुडघ्याले कायले तरास?" असं मी म्हणालो होतो. ते तुझ्या काळजीपोटी होतं.

हंसाबाई नावाच्या बाईंच्या घरगुती निवासात आम्ही दोघं नवराबायको उतरलो आहोत. कौलारू घर, सारवलेलं अंगण, मागचं दार उघडलं की समुद्र. बाई, तो फार म्हणजे फारच मोठा आहे. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी टोपी काढून हातात घेतली. रुखमा म्हणाली, "देवळात आले काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी किनारा हिंडायला निघालो. चपला पाण्यापासून चांगल्या शंभर पावलांवर काढल्या. (गावच्या तलावाचा अनुभव, दुसरं काय.) खडकांतले खेकडे बघत तासभर फिरलो. वळून बघतो तर चपला नाहीत आणि पाणी चढतंच आहे. आभाळात ढग औषधाला नाही. बोरी अरबला नदीकाठी साठ वर्षं काढलेल्या माणसाला पावसाशिवाय पाणी वाढायचं एकच कारण ठाऊक असतं, वरच्या धरणाचं गेट उघडलं. पायजमा गुडघ्यावर ओढून मी बोंब ठोकत सुटलो, "वरून पानी सोडलं! सामान उचला!" वाळूवर कोळ्यांची जाळी वाळत होती. दोन मी एकट्याने ओढत हंसाबाईंच्या अंगणात आणली, तिसरीत स्वतःच गुंतून पडलो. (पाणी पोचत नाही अशाच जागी ती घातली होती, हे मागाहून कळलं.)

हंसाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अहो भाऊ, ही भरती. दिवसातून दोनदा येते."

मी विचारलं, "पन सोडते कोन?"

त्या हसायच्या थांबल्या. चंद्र ओढतो म्हणतात, एवढंच बोलल्या आणि आम्ही दोघंही पाण्याकडे बघत राहिलो. ना गेट, ना भोंगा, ना कोणी साहेब, आणि वेळ म्हणून चुकत नाही.

बाकी विशेष काही नाही. रोज भात, ज्वारीच्या भाकरीचं नाव नाही. तू आली नाहीस ते बरंच झालं.

तुझा,
देवराव

ता. क. : 'बरंच झालं' हे खोटं आहे, आणि काळजीपोटी म्हणालो तेही. मला सावकाश चालायचा कंटाळा होता. तू त्या सहलीसाठी नवी पिशवी घेतली होतीस, ती इथे रोज आठवते. चुकलो. हंसाबाईंनी तुझ्यासाठी खोली धरून ठेवली आहे, तुझा नातू नयन तुला घेऊन येईल. येताना माझ्या जुन्या चपला आण.

आणखी एक : गुडघ्यांची चिंता करू नकोस. मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून नुसती बस. इथे पाणीच दिवसातून दोनदा भेटायला येतं.