सहावा वायसर

२ मार्च, सोमवार

आज घडलं ते असं:

१. सकाळी सव्वासातला गाडीतून उतरलो. बाबा, मी, तीन बॅगा, एक गादी.
२. घर दुसऱ्या मजल्यावर. एक खोली, स्वयंपाकघर, मोरी. भिंती कोरड्या. बाहेरचं दार थेट स्वयंपाकघरात उघडतं, ही एकच खोट.
३. दहाला पोलीस प्रयोगशाळेत नोकरीवर हजर झाले. कागदपत्रं पूर्ण होती.
४. परत आले तोवर बाबांनी पडदे लावले होते, गॅस जोडला होता आणि स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला होता.
५. मी आनंदात आहे.

आई गेल्यापासून आम्ही दोघंच. बाबांना गळका नळ सहन होत नाही. बाजारातला वायसर महिन्यात झिजतो म्हणून ते जुन्या निळ्या चपलेच्या रबराचा स्वतः कापतात. कडेला एक बारीक खाच ठेवतात. त्यामुळे तो बसवताना सरकत नाही, म्हणे. जुना फाटका वायसर खिडकीत ठेवून गेले. फेकून द्यायचं त्यांच्या जिवावर येतं.

स्टेशनपासून घरापर्यंत त्यांनी कोणालाही रस्ता विचारला नाही. पाणीखात्यात मीटर तपासायची फिरतीची नोकरी होती, तेव्हा या गावात बरेचदा येणं व्हायचं म्हणाले. संध्याकाळच्या गाडीने गेले. जाताना दुसरी किल्ली मीच त्यांना दिली. "मोजपट्टी, जेवत जा वेळेवर," म्हणाले. लहानपणापासून मला याच नावाने हाक मारतात.

५ मार्च, गुरुवार

इथला नियम: नव्या माणसाने स्वतःच्या डीएनएचा नमुना द्यायचा. गालाच्या आतून कापूस फिरवायचा, पाकीट बंद करायचं, सही करायची. पुराव्यात आमच्यापैकी कोणाचा अंश मिसळला तर यंत्र ओळखतं आणि ती नोंद बाजूला टाकतं. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या की इथे शिंकलीस तरी यंत्राला नाक कुणाचं ते कळतं, तेव्हा शहाणपणा खिशात आणि हात मोज्यात.

मला इथलं काम आवडतं. सगळ्याला क्रमांक आहेत.

९ मार्च, सोमवार

जुनं प्रकरण माझ्याकडे दिलं. पाच बायकांचे खून, पाच वर्षांत. सगळ्या एकट्या राहणाऱ्या. कुठेही दार फोडलेलं नाही, त्यांनीच उघडलेलं. शेवटच्या घटनेला एकवीस वर्षं झाली. तिसऱ्या बाईच्या घरातल्या टॉवेलवर पुरुषाच्या रक्ताचा ठिपका आहे. तेव्हाच्या पद्धतीला तो पुरला नव्हता. आताच्या पद्धतीला पुरेल.

दुपारी फोन आला. तिसऱ्या बाईची बहीण. दर महिन्याला करते, मॅडम सांगत होत्या. काही नवं आहे का विचारलं. नाही म्हटलं. नवीन दिसतेस, आवाज कोवळा आहे, म्हणाली. मग म्हणाली, माझाही तेवीस वर्षांपूर्वी कोवळाच होता.

१२ मार्च, गुरुवार

ज्यांनी तेव्हा तपास केला ते निवृत्त अधिकारी आले होते. सगळे त्यांना आजोबा म्हणतात. दर गुरुवारी येतात, चहा पितात, काही नसलं की शिव्या घालून जातात. मला म्हणाले, पोरी, माझे केस या फायलीने खाल्ले.

त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी कधी छापून आली नाही. तिसऱ्या बाईच्या बहिणीने तेव्हा जबाबात म्हटलं होतं, ताईच्या घरचा नळ सहा महिने गळत होता. त्या दिवशी मात्र गळत नव्हता. साहेबलोक हसले. आजोबा हसले नाहीत. त्यांनी पाचही घरांतले नळ उघडले. आत जे सापडलं ते पाकिटात घालून ठेवलं. त्याचं पुढे काय करायचं हे कोणालाच सुचलं नाही.

मी विचारलं, काय सापडलं?

वायसर, म्हणाले. घरी कापलेले.

मी लिहून घेतलं. रंग विचारला नाही.

१६ मार्च, सोमवार

ठिपक्याचा निकाल आला. यंत्राने पुढे एकच शब्द छापला: कर्मचारी. म्हणजे माझा अंश मिसळला. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, नव्याचे नऊ दिवससुद्धा धड काढले नाहीस. नोंद बाजूला टाकायला सांगितली.

मी दोन जोड मोजे घातले होते.

१८ मार्च, बुधवार

दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसाकडून परत करून घेतलं. मी त्या मजल्यावरही गेले नाही. तोच शब्द. त्याने आकडे पाहिले नाहीत. अर्धं जुळलं तरी यंत्र हाच शब्द छापतं, आणि इथे 'कर्मचारी' आलं की पुढचं कोणी वाचत नाही. वर्षानुवर्षांची सवय.

मी वाचले.

माझा अंश मिसळला असता तर माझं सगळं दिसलं असतं. तसं नाही. आम्ही डीएनएच्या चोवीस जागा तपासतो. प्रत्येक जागी दोन आकडे: एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. चोवीसच्या चोवीस जागी माझा एक आकडा जुळतो. फक्त एक.

असं आई-वडील आणि मुलांतच होतं. रक्त पुरुषाचं आहे. मला मूल नाही.

घरी येऊन भात लावला. जेवले. भांडी घासली. नळ नीट बंद होतो.

२० मार्च, शुक्रवार

पुराव्यांच्या कपाटातून आजोबांचं पाकीट मागून घेतलं. पाच वायसर. निळे. पाचांनाही कडेला खाच.

सही करून परत केलं. सही नेहमीसारखीच आली.

पहिली बाई गेली तेव्हा मी दीड वर्षाची होते. बाबा फिरतीवरून आले की माझ्यासाठी काहीतरी आणायचे. एकदा लाकडी मोजपट्टी आणली होती. ती अजून माझ्याकडे आहे.

२२ मार्च, रविवार

ओट्याखालची मुख्य तोटी बंद करून स्वयंपाकघरातला नळ खोलला. वायसर चिमट्याने काढला, पाकिटात घातला, बंद केलं, वर क्रमांक लिहिला. सहा. दुसरा क्रमांक देता येत नव्हता.

जुना फाटका परत बसवला. आता नळ गळतो. अकरा सेकंदांना एक थेंब.

रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

२३ मार्च, सोमवार

बाबांचा फोन. जेवलीस का, झोप होते का. मी हो, हो म्हणत होते. मग ते बोलायचे थांबले.

नळ गळतोय, म्हणाले.

मी म्हटलं, नाही.

मग अगदी सावकाश विचारलं, माझा वायसर कुठे गेला, मोजपट्टी?

झिजला असेल, म्हटलं.

महिन्याच्या आत झिजत नाही तो, म्हणाले. शनिवारी येतो. नवा कापून आणतो.

२४ मार्च, मंगळवार

अहवाल लिहिला. तीन पानं, निकाल, पाच वायसरांची नोंद, सहावा पाकिटात. लिफाफा बंद करून वर आजोबांचं नाव. कपाटवाल्या काकांकडे दिला, शुक्रवारी दुपारी त्यांना द्या म्हटलं. काका म्हणाले, आज का नाही?

आज का नाही.

तिसऱ्या बाईच्या बहिणीचा फोन. या महिन्यात दुसऱ्यांदा. काही नवं?

शुक्रवारी सांगते, म्हटलं. तिने तारीख विचारून लिहून घेतली.

२५ मार्च, बुधवार — दुपारी अडीच

रजा टाकली. खोलीचं दार लावलंय. पलीकडे स्वयंपाकघर. थेंब ऐकू येतो. अकरा सेकंद. बरं वाटतं — मोजता येतं.

कुलूप बदलायला माणूस चारला येणार.

बाबांना पाठवायचा मजकूर. आधी इथे लिहिते, मग पाठवते. चूक नको.

बाबा,

टॉवेलवरचं रक्त तुमचं आहे. पाच घरांतले नळ तुम्ही दुरुस्त केलेत. मी दोन वेळा तपासलं. का, ते विचारत नाही — मला कळणार नाही.

तुम्ही स्वतः जाऊन सांगावं असं मला वाटतं. तिसऱ्या बाईची बहीण अजून फोन करते. तिला हे तुमच्या तोंडून कळायला हवं.

शनिवारी येऊ नका.

शुक्रवार, २७ मार्च, दुपारी बाराच्या आत उत्तर द्या. लांबलचक नको. जाता, किंवा

दहा, अकरा —

बारा. तेरा.

थेंब पडला नाही.

वीस.

मुख्य तोटी मी बंद केलेली नाही. दुसरी किल्ली बाबां