विद्युद्गणनाधीशाचं बारसं

७ जानेवारी १९७०
धरणगावहून सासऱ्यांची तार. मुलगी झाली, सौ. आणि बाळ खुशाल. फार आनंद झाला. बारसं १८ला. नाव मी घेऊन येईन, कुणी मध्ये बोलू नये, असं उलट तारेनं कळवलं. मराठीचा शिक्षक आहे, नावांना काय तोटा!

९ जानेवारी
धुळ्याच्या एका साप्ताहिकाची स्पर्धा: 'कॉम्प्युटर'ला मराठी शब्द सुचवा. आमच्या देवपुरात माझ्याशिवाय आहे कोण? आधी यंत्र, मग मुलगी. मुलगी म्हणजे पाच मिनिटांचं काम.

११ जानेवारी, सकाळ
लायब्ररीत डिक्शनरी पाहिली. मूळ लॅटिन, अर्थ हिशेब करणे. पूर्वी विलायतेत आकडेमोड करणाऱ्या माणसालाच कॉम्प्युटर म्हणत. मग यंत्र आलं आणि माणसाचं नाव बळकावून बसलं. मराठीत असं होऊ देणार नाही.

१३ जानेवारी
सापडला! विद्युद्गणनाधीश. अंगावर काटा आला. शाळेच्या शिपायाला, सुपडूला, म्हणायला लावलं. म्हणे, "सर, हाई नाव लेता लेता लाईट चालनी जाई." शब्द उच्चारेपर्यंत वीज कशी जाईल? अडाणीपणाला इलाज नाही. शब्द पोस्टात टाकला.

१४ जानेवारी
संक्रांत. हेडसरांनी तिळगूळ देताना मुलीचं नाव विचारलं. योग्य वेळी जाहीर करीन म्हटलं.

१८ जानेवारी, सायंकाळ. धरणगाव
पोचायला चार वाजले. चूक एस.टी.ची. पारोळ्याला गाडी बदलताना कापसाचे व्यापारी कांतीलाल शेठ भेटले. त्यांना कॉम्प्युटरचा उगम सांगितला, तर म्हणे, "मग तो आमचा मुनीमच की!" हा गैरसमज तसाच सोडायचा? दूर करेपर्यंत गाडी गेली. पुढच्या गाडीत नाव सुचणारच होतं, पण खिडकीची जागा मिळाली नाही.
इथे पाळणा होऊन घुगऱ्याही वाटून झाल्या होत्या. वाट पाहून शेवटी माझ्या बहिणीनं, हीराअक्कानं, बाळाच्या कानात नाव सांगून टाकलं. आत्याचा मानच तो. सगळ्यांसमोर म्हटलं, उत्तम! माझ्याही मनात हेच होतं.
कोणतं, ते विचारायचं राहिलं. आता विचारायची सोय नाही.

१९ जानेवारी
दिवसभर कान देऊन बसलो. सासूबाई 'छबे' म्हणतात, शेजारीण 'चिमे', अक्का 'मनी माय वं', म्हणजे नुसतं 'माझी माय गं'. सौ. बोलतच नाही. मुलीनं माझं बोट घट्ट धरलं. तिला नाव माहीत आहे, कानात सांगितलंय. पण ती काय सांगणार!

२४ जानेवारी. धुळे
साप्ताहिकाचं कार्ड. स्पर्धा रद्द. लोक कॉम्प्युटरच म्हणतात, आम्हीही तेच छापू. ठीक आहे. समाजाची अजून तयारी नाही.
सौ.ला पत्र लिहायला घेतलं. ती. सासूबाईंना सा. नमस्कार. 'चि.'च्या पुढे पेन अडलं. वाईट वाटलं, स्पर्धेचंसुद्धा इतकं वाटलं नव्हतं. शेवटी लिहिलं: आपल्या मुलीचं नाव काय ठेवलं, ते कळव.