सासूबाईंचे धालो आणि माझं लिनक्स

कोरगाव, पेडणे
तुळशीचं लग्न झाल्यावरचा सोमवार

श्रीयुत बाबाजीदादा यांस,

कोरगावहून सगुणचा नमस्कार. (वयाने तुम्ही सहा वर्षांनी मोठे म्हणून नमस्कार माझा, आणि तुमच्या बहिणीचा नवरा म्हणून मानही माझाच. दोन्ही जागच्या जागी ठेवून पुढे लिहितो.) इकडे आम्ही खुशाल आहोत. मालतीचा गुडघा चढणीला कुरकुरतो, उतरणीला गप्प असतो. तुमचा रक्तदाब कसा आहे? वहिनींना पुण्याची थंडी मानवते का? मागच्या खेपेला पाठवलेले कोकमाच्या सोलांचे पाकीट संपले असेल तर कळवा.

आता मुद्द्याचं. मी लॅपटॉप घेणार म्हटल्यावर तुम्ही फोनवर म्हणाला होता, "सगुणराव, कॉम्प्युटर तुम्हाला झेपायचा नाही. एखादा टॅब घ्या आणि भजनं ऐका." त्या वेळी मी हसलो. फोन ठेवल्यावर हसलो नाही. आज सांगतो की मी लॅपटॉप घेतला, त्याच्यावर लिनक्स घातलं, ते स्वतःच्या हाताने घातलं, आणि हे पत्र त्याच्यावरच मराठीत टंकतो आहे. तुमच्या पस्तीस वर्षांच्या ऑफिसात स्वतः लिनक्स घातलेले साहेब किती होते, ते सवडीने कळवा.

लॅपटॉप कशाला हवा होता, ते तुम्हाला अर्धवट माहीत आहे. तुमच्या मातोश्री, म्हणजे आमच्या सासूबाई सरस्वतीबाई, यांना जे जुने धालो येतात (पुण्यात विसरला असाल तर, गावच्या मांडावर बायका नाचत म्हणतात ती गाणी), ते आता सगळ्या इब्रामपुरात दुसऱ्या कोणाला पुरते येत नाहीत. वय चौऱ्याऐंशी. मालती दर रविवारी तिथे जाऊन आईची गाणी फोनवर टिपून घेत होती. एकतीस झाली आणि फोन भरला, इतका की चतुर्थीला गणपतीवर बांधलेल्या माटोळीचा फोटो काढायला गेलो तर जागा नाही म्हणाला. ती गाणी सुखरूप ठेवायची, ऐकून ऐकून टंकायची, आणि वाचनालयवाले त्यांचं पुस्तक काढणार, असं ठरलेलं. मालतीने जन्मात स्वतःसाठी काही मागितलं नाही (साड्या सोडून), पण हे मागितलं.

तर निवड. मी डिचोलीला खाणीवर सव्वीस वर्षं वजनकाट्यावर काढली, हे तुम्ही विसरता. ट्रक दुरून येताना बघून टन सांगणारा माणूस लॅपटॉप काय डोळे झाकून घेणार? पेडण्याच्या दुकानात दिपाली नावाची मुलगी आहे, फार हुशार. तिने मला प्रोसेसर, पडदा, बॅटरी असं बरंच समजावलं. सगळं ऐकून घेऊन मी विचारलं, वजन किती? कारण तो मालतीच्या पिशवीतून, दोन बस बदलून इब्रामपूरला जायचा होता. खोक्यावर छापलेल्या वजनावर मी आयुष्यात विश्वास ठेवलेला नाही. शेजारच्या भाजीवाल्याकडे काटा होता. चार लॅपटॉप एकामागून एक त्या काट्यावर ठेवले (भाजीवाल्याने आधी काटा पुसून घेतला, माणूस चांगला), आणि अकरा इंची पडद्याचा, एक किलो एकशे साठ ग्रॅमचा, अठरा हजारांच्या आतला एक पसंत केला. खोक्यावर एक किलो शंभर लिहिलं होतं. साठ ग्रॅमचा फरक मी दिपालीच्या नजरेला आणून दिला.

घरी आणला आणि मालतीची एकतीस गाणी फोनवरून त्यात उतरवून घेतली. फोन मोकळा व्हावा म्हणून तिथली पुसली. इथवर सगळं शिस्तीत. पण लॅपटॉप भलताच मठ्ठ निघाला. बटण दाबून मी अंघोळीला जायचो, येऊन बघावं तर तो अजून गोल फिरत असायचा. दिपालीला फोन केला. ती म्हणाली, काका, एवढ्याशा यंत्राला आतली सिस्टम जड होते, लिनक्स घाला, हलकं असतं आणि फुकट मिळतं. हलकं म्हटल्यावर मला लगेच पटलं. अठ्ठावीस टनांच्या गाडीवर पस्तीस टन भरले की चढणीला काय होतं, ते मी रोज बघत होतो. तिने पेनड्राइव्हवर लिनक्स घालून दिलं आणि तीन तीनदा बजावलं की आत काही ठेवलं असेल तर ते आधी दुसरीकडे काढून घ्या. मी हो म्हटलं. काढून घ्यायला दुसरा पेनड्राइव्ह हवा होता, तो म्हापशाला गेल्यावर आणायचा असं मनात धरून, तोवर लिनक्स नुसतं बघून घेऊ म्हणून सुरुवात केली.

आणि दादा, सुरुवात सुरेख झाली. बटण दाबता दाबता बारा नंबरची कळ दाबायची, ती चौथ्या खेपेला बरोबर वेळेवर पडली. पडद्यावर भाषा विचारली, त्यात मराठी! मी खुर्चीत सरसावून बसलो. शेजारचा अनंत आणि त्याच्या घरची माणसं बघायला आली. एकेक प्रश्न येत होता, मी मोठ्याने वाचून उत्तर देत होतो. होता होता प्रश्न आला की डिस्कवरचं सगळं पुसून लिनक्स बसवायचं का, नक्की का? इथे थांबायचं होतं. मी थांबलोही. पण तेवढ्यात अनंत म्हणाला, "सगुणबाब, नव्या कामाक हात घालतात आणि गाऱ्हाणां नाय?"

आता वाड्यावर देवाला गाऱ्हाणं घालायचा मान वीस वर्षं माझा. नाही कसं म्हणणार? मी उभा राहिलो, डोळे मिटले आणि खड्या आवाजात सुरू केलं, "बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान नवो जिन्नस घरात हाडलो आसा. तेच्या आत जां काय चुकला-माकला, अडला-नडला आसात, तां सगळां धुवन-पुसून साफ कर रे म्हाराजा!" सगळे एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" तुम्हाला माहीत आहे की शेवटच्या होयला गाऱ्हाणं घालणाराने नारळ फोडायचा असतो. माझ्या हातात नारळ नव्हता (पाणी उडेल म्हणून मालतीने देऊ दिला नाही), पण हाताला वीस वर्षांचं वळण. तो वर गेला आणि सवयीने खाली आला. खाली लॅपटॉप होता. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत होती. देवाने माझं इतकं शब्दशः आजवर कधी ऐकलं नव्हतं.

लिनक्स मात्र उत्तम बसलं. वीस सेकंदांत सुरू होतं, घड्याळ लावून बघितलं आहे. वायफाय दोन दिवस लागेना, तर फोनची वायर जोडून इंटरनेट घेतलं आणि काळ्या पडद्यावर हाताने आज्ञा लिहून तेही लावलं. त्या आज्ञा मी वहीत उतरवून पाठ केल्या आहेत. अनंतच्या घरी माळ्यावर पडलेला जुना लॅपटॉप होता, त्यातही लिनक्स घातलं (गाऱ्हाणं आधी, लॅपटॉप नंतर उघडला). आता कोरगावात कोणाचं यंत्र अडलं की माणसं माझ्या बांकावर येऊन बसतात. खाण बंद पडल्यापासून मला कोणी काही विचारायला येत नव्हतं, दादा. आता येतात, आणि मला ते फार बरं वाटतं.

पण गाणी गेली. दिपालीने दोन दिवस खटपट केली, हाती काही लागलं नाही. मालतीला सांगितलं तेव्हा ती रागावली असती तर परवडलं असतं. तीन दिवस घरात पेज आणि लोणचं. चौथ्या दिवशी मी लॅपटॉप पिशवीत घातला, तिला घेतलं आणि इब्रामपूरला सासूबाईंसमोर जाऊन उभा राहिलो. सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "गेलीं तां बरां झालां, जावयांनु. एकटेन म्हटलेले धालो अर्धेच. माझी रांग इचारता, समोरची रांग जबाब दिता. तुमच्या त्या पेटयेत जबाब खंय होतो?"

खरंच नव्हता. मालतीच्या लक्षात आलं नव्हतं, कारण ती लहानपणी आईच्या मागे, आईच्याच रांगेत उभी असायची. म्हणजे जे पुसलं ते मुळात अर्धंच होतं. पुन्हा म्हणायला सासूबाई तयार आहेत. त्या दिवशीच माझ्या लिनक्सवर पहिली नऊ गाणी टिपली, आवाज इतका स्वच्छ की मधे पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला तर तो उंडे घेऊन कुठल्या वळणावर आहे तेसुद्धा कळतं. त्या आपली ओळ म्हणतात आणि समोरून जबाब यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ गप्प बसतात. मी ती मोकळी जागा कापलेली नाही.

तर झेपलं. एवढंच कळवायचं होतं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
सगुण

ता. क. प्रिंटर अजून माझ्या लिनक्सला ओळखत नाही. म्हणून हे पत्र पडद्यावर बघून हाताने कागदावर उतरवलं आहे. तुम्ही ते टंकलेलंच समजा.

ता. क. दुसरा. समोरच्या रांगेत पुढे तुमच्या काकी असायच्या. त्या गेल्या, त्यांच्या रांगेतल्या सगळ्याच गेल्या. सासूबाई म्हणतात, मांडावर पुरुषाला बसू देत नाहीत, पण बाबाजी चार वर्षांचा होता, काकीच्या ओटीत बसून सगळे जबाब ऐकायचा, तेका येतले. तुम्ही इब्रामपूरला येऊन तीन वर्षं झाली. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. साहेब माणसाने बायकांची गाणी कशी म्हणायची, असं वाटलं तर दार लावून घेऊ, ऐकायला मी, मालती आणि लिनक्स.

ता. क. तिसरा, आणि हा मालतीला न दाखवता लिहितो. परवा सासूबाई मागच्या दारी तांदूळ निवडत होत्या. मी आत असल्याचं त्यांना माहीत नव्हतं. त्या गुणगुणत होत्या, आपली ओळ आणि लगेच समोरचा जबाब, दोन्ही बाजू, एक शब्द न चुकता. मी त्यांना काही बोललो नाही. तुम्हीही बोलू नका. या.