विल्यमच्या पायाशी

तीर्थरूप आईस,
रायस्वाइकहून मृदुलाचा वाकून नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. ईशान आता एकटा सायकलने शाळेत जातो. इथली मुलं हेल्मेट घालत नाहीत, पण मी त्याला घालायला लावते. काळजी नको.

शनिवारी त्याला डेल्फ्टच्या चर्चमध्ये नेलं. इथल्या डच लोकांच्या ऑरेंज राजघराण्याचा मूळपुरुष विल्यम, त्याची तिथे संगमरवरी समाधी आहे. बाबा असते तर प्रश्न विचारून गाइडला भंडावलं असतं!

विल्यमच्या पायाशी त्याचा कुत्रा कोरलाय. मालक गेल्यावर त्यानेही अन्नपाणी सोडलं आणि जीव दिला म्हणे. सगळे त्याचं कौतुक करत होते. मला मेलं रडूच आलं. ईशानने मात्र विचारलं, "त्याच्याजवळ कुणी बसलं का नाही?"

आई, फोनवर तू "झालं जेवण" म्हणतेस आणि विषय बदलतेस. शेजारच्या शांतामावशी सांगत होत्या, बाबा गेल्यापासून त्या तुला देतात तो डबा तसाच परत येतो.

आम्ही सुट्टीत येतोय. तोवर रोज तुझ्या जेवणाच्या वेळी व्हिडिओ कॉल करू. ताट वाढून घे. ईशान म्हणतोय, आजीजवळ मी बसेन.

तुझी लेक,
मृदुला